लोटलेलं दार

ती. आईस,

पाया पडतो. मी धडधाकट आहे, पोटभर जेवतो. तुझा गुडघा काय म्हणतो?

दादाच्या बुडालेल्या जहाजावरून वाचलेला आचारी आता आमच्या बोटीवर आहे. युद्धात आम्ही केबिनचं दार उघडं ठेवूनच निजतो. पाण्यातला सुरुंग लागला की चौकट वाकते आणि लावलेलं दार उघडत नाही. जहाज बुडालं त्या दिवशी दादाच्या केबिनमधला सोबती तापानं कुडकुडत होता, म्हणून दादानं दार लावून घेतलं. “असलाच होता गाढव,” म्हणाला आचारी, आणि रडला.

माझं दार उघडंच असतं, तुझी शपथ.

पण तू अजून दादासाठी घराचं दार नुसतं लोटून ठेवतेस ना? आई, आता कडी लावून निजत जा. मी आलो की हाक मारीन.

तुझा,
धाकटा