शिट्टी नसलेला आवाज

प्रिय भिंगरी,

बाबांनी हातानं पत्र लिहिलं म्हणून हसू नकोस. अक्षर वेडंवाकडं आलंय, कारण कागद मांडीवर ठेवून लिहितोय. फोनवर माझा विश्वास राहिलेला नाही. मेलवर तर नाहीच नाही.

सगळी सुरुवात त्या मेलपासूनच झाली. तू कितीदा बजावलं होतंस की दुकानासाठी वेगळा पत्ता ठेवा, घरचा मेल वेबसाइटवर टाकू नका. पण कानाची मशिनं विकणाऱ्याला वाटतं, आपण गिऱ्हाइकाला चटकन सापडायला हवं. सापडलो, पण भलत्यांनाच! रोज सकाळी मला बक्षिसं लागायची. न मागवलेली पार्सलं कुठेतरी अडकून पडायची. ज्या बँकेत माझं खातंच नाही, ती खातं बंद करायची धमकी द्यायची. प्रत्येकाच्या तळाशी बारीक अक्षरात असायचं, मेल नको असल्यास इथे दाबा. मी शहाण्यासारखा दाबत बसायचो. एकदोघांना तर 'क्षमस्व, गरज नाही' असं उत्तरही धाडलं. तुझी आई म्हणायची, आता चोराला बसायला खुर्ची द्या.

झालं, मेल दुप्पट यायला लागले. आपल्याकडे मशीन दुरुस्तीला येणाऱ्या निवृत्त फौजदारांनी मग समजावलं, की अनोळखी मेलमधलं ते बटण दाबलं की घरात माणूस आहे हे त्यांना कळतं. उघडायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, स्पॅम अशी खूण करून पुसून टाकायचं. मी मान डोलावली, पण तोवर उशीर झाला होता.

गेल्या आठवड्यात एका आजोबांच्या कानात मशीन बसवत होतो, तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज तुझा. हुंदके देत होतीस. गाडीखाली कुणीतरी आलंय, पोलीस समोर बसलेत, आईला काही सांगू नका, तुमच्या फोनवर कोड येईल तेवढा पटकन वाचून दाखवा. माझं धाबं दणाणलं. कोड आला आणि मी वाचायलाही लागलो. अर्धे आकडे झाले असतील, तेव्हा तू म्हणालीस, 'सगळं सावकाश सांगते.' प्रत्येक 'स'वर बारीकशी शिट्टी!

ती शिट्टी मला पाठ आहे. तुझ्या दातांना तारा होत्या तेव्हाची. दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून तुझ्याकडून वाक्यं वाचून घेतली होती, आठवतं? 'सगळ्या शिंप्यांनी सकाळीच सदरे शिवले.' बारीक आवाज ऐकू येतो का हे तपासायला 'स' आणि 'श' लागतात, म्हणून मी त्या शिट्टीवर भलताच खूश होतो. लोकांनी घरबसल्या कान तपासावेत म्हणून ती वाक्यं, खाली 'माझ्या लेकीचा आवाज' असं लिहून, वेबसाइटवर टाकली. तुझे दात केव्हाच सरळ झाले, शिट्टी गेली, पण वेबसाइटवर तू तशीच वाचत राहिलीस. त्या लोकांनी ती उचलून आवाजाची नक्कल करणाऱ्या यंत्राला शिकवली. पोरीचा आवाज मीच रस्त्यावर मांडून ठेवला होता गं.

मी फोन आपटला आणि तुझ्या नेहमीच्या नंबरवर लावला. तू ऑफिसात, अगदी ठणठणीत. आधी बँकेला कळवा, पासवर्ड बदला, ते रेकॉर्डिंग काढा, म्हणालीस. सगळं केलं, पण भीती काही काढता येईना. फोन वाजला की उचलण्याआधी नंबर दोनदा वाचायचो. तू हौसेनं काहीतरी सांगायचीस आणि मी ऐकायचं सोडून शिट्टी शोधत बसायचो. तुला ते कळलंच. असं परक्यासारखं काय बोलता, म्हणालीस. मी विषय बदलला.

काल दुपारी पुन्हा अनोळखी नंबर, पुन्हा रडणं. या वेळी शिट्टी नव्हती. मला दरदरून घाम फुटला. वाटलं, मेल्यांनी यंत्र सुधारलं! तू एवढंच म्हणालीस, 'बाबा, मला घ्यायला या.' आणि मी, कसं सांगू तुला, पोलिसांत देईन असं ओरडून फोन ठेवला. मग तुझ्या नंबरवर लावला, तर बंद. त्या दुसऱ्या नंबरवर कुणी उचलेना. आई मावशीकडे गेलीय, तिला सांगायचा धीर झाला नाही. संध्याकाळी तुझ्या नंबरवरून मेसेज आला, मी ठीक आहे, फोन करू नका. तो तुझा, की तुझा फोन हिसकावून बसलेल्या कुणाचा, हे मी कशावरून ओळखायचं? उजाडल्यावर पहिली बस पकडली.

बसमध्ये एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. चोराला काहीतरी हवं असतं. कोड हवा असतो, घाई हवी असते, आईपासून लपवाछपवी हवी असते. काल रडत होती तिनं यातलं काहीच मागितलं नाही. तिनं फक्त बापाला बोलावलं. ती तूच होतीस ना गं? इथे पोचलो, तर तुझ्या दाराला कुलूप आहे, शेजारच्या बाईंना काही ठाऊक नाही. मला फार भीती वाटतेय. जिन्यात बसून हे लिहितोय, आता दाराखालून आत सरकवतो आणि खाली फाटकासमोरच्या बाकावर जाऊन बसतो. अंधार पडला तरी तिथून हलणार नाही. काय झालं ते विचारणार नाही, तुला वाटेल तेव्हा सांग. माझी नजर चुकून तू वर पोचलीस, तर फोन करू नकोस, वरून हाकही मारू नकोस. माझ्या कानांवर माझाच भरवसा उरलेला नाही. नुसती समोर येऊन उभी राहा.

तुला घ्यायला आलेला,
तुझाच
बाबा