ठमीच्या ताटाबद्दल

प्रिय ठमे,

आशीर्वाद आहेतच, पण आज आधी माझेच कान धरतो.

मी मजेत आहे. प्रयोगशाळेतल्या उंदरांना चरबीचं खाणं घालतो, थाट जावयांचा. काल वजनं केली. खाणं एकच, मापही एकच. पण एका पिंजऱ्यातले फुगलेले, दुसऱ्यातले सडपातळ. सोबत काम करणाऱ्या मावशींना मी सगळ्यांसमोर म्हटलं, "लाडक्यांना चोरून भरवता वाटतं!"

प्रयोग चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भाऊ, सडपातळ उंदरांच्या आतड्यात जंतूच नाहीत. मुद्दाम तसे वाढवलेत. चरबी अंगी लागायला जंतूंचाही हात लागतो. नुसत्या तोंडाला काय दोष देता?"

मी माफी मागितली. मावशी अंगानं भारी आहेत. हसून म्हणाल्या, "असू दे, घरीही हेच ऐकते."

मान वर करवेना. मीच गेल्या महिन्यात आईला लिहिलं होतं ना, ठमी चोरून खाते, तिचं ताट निम्मं कर, फडताळाला कुलूप घाल?

तुला चक्कर आल्याचं तू ओझरतं लिहिलंयस. पडली नाहीस ना गं?

कुलूप आजच काढायला सांग. आई ऐकेना तर हे पत्र दाखव. माझी फजिती ती आवडीनं वाचते. आणि सगळ्यांच्या पंगतीत बसून पोटभर जेव. कुणी ताटाकडे बघितलं, तर तूही खुशाल त्याच्या ताटाकडे बघ.

तुझा तोंडाळ
दादा