बशीतली कातडी

पुणे, ९ मार्च १९९७

प्रिय म्हाळसाताई,

तुझं पत्र पोचलं. तुझ्या समर्थच्या कांजिण्या गेल्या, आता तो दिवसभर अंगणात असतो, हे वाचून बरं वाटलं. माझंही छान चाललंय. दिवाळीत मी प्रयोगशाळेतलं काम सांगितलं तेव्हा तू हसली होतीस, "कातडं काय मेथी हाय व्हय, पेरलं की उगवायला?" ताई, उगवलं!

ऑपरेशनमध्ये उरलेला कातडीचा नखाएवढा तुकडा डॉक्टर आम्हाला देतात, पेशंटला विचारूनच. त्यातल्या पेशी सुट्या करून मी बशीत सोडते. चार महिने त्या नुसत्या गोल गोल तरंगायच्या आणि मरून जायच्या. पेशीला तळ धरता आला नाही तर ती जगत नाही. मी अगदी रडकुंडीला आले. मग आमच्या वैदेही मॅडमनी बशीच्या तळाला आधी कातडीतल्याच एका प्रथिनाचा पातळ लेप द्यायला सांगितला. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपमधून पाहिलं, तर पेशी तळाला चिकटून पोळीसारख्या पसरल्या होत्या! आठ-दहा दिवसांत बशी भरली. परवा त्या थरात मी मुद्दाम एक बारीक चरा पाडला आणि तासातासाने बघत राहिले. काठावरच्या पेशी पुढची कड पसरतात, तिथं पकड घेतात, मग मागची पकड सोडून अंग ओढून घेतात. अशा दोन्ही काठांकडून सरकत आल्या, काल दुपारी एकमेकींना भिडल्या आणि थांबल्या. माझा डबा तसाच राहिला.

हे काम मी का घेतलं, ते तू कधी विचारलं नाहीस. निमगावच्या गुऱ्हाळात मी पाच वर्षांची, उसाचं कांडं घेऊन काहिलीकडे पळत गेले. तू मला मागं ओढलंस आणि उकळता रस तुझ्या उजव्या हातावर आला. आईला मात्र "माझाच पाय घसरला" म्हणालीस. तीन बोटं तळव्याकडे वळली ती वळलीच. डाव्या हातानं भाकरी थापायला शिकलीस. वर बोलणीही तूच खाल्लीस.

मागच्या रविवारी घरी गेले आणि आईला सगळं खरं सांगितलं. ती शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला तवाच कळलं हुतं. ती सांगंना, तू सांगंना. म्या कुणाला इचारायचं?" मग आम्ही दोघी खूप रडलो, आणि चहा केला.

हे पत्र खरं तर त्याच्या पुढचं सांगायला लिहिलंय. माझ्या बशीतली कातडी अजून कुणाला लावण्याजोगी नाही, त्याला वर्षं लागतील. पण इथल्या डॉक्टरांना मी तुझ्या हाताबद्दल विचारलं. मांडीची कातडी लावून बोटं मोकळी करता येतात, म्हणाले. अगदी पूर्वीसारखी नाहीत, पण मूठ बरीच उघडेल. तू इथं असशील तोवर आई कोऱ्हाळ्याला येऊन तुझं घर सांभाळणार आहे, दाजींशी मी बोलते. मंगळवारी, अठरा तारखेला तपासणी आहे. बारामतीहून पहिली एसटी धर, मी स्वारगेटला उभी असेन. "आता कशाला" असं या वेळी म्हणू नकोस, ताई.

तुझीच,
रोहिणी