भिंतीतली फट

देवळी, मंगळवार, फेब्रुवारी १९८०

आज चर्चच्या भिंतीतली ती तिरपी फट बुजवली. पाद्रीबाबा म्हणाले, "मिस्त्री, विलायतेत पूर्वी महारोग्यांना आत घेत नसत. ते बाहेर उभे राहून अशा फटीतून वेदी पाहायचे. बांधणाऱ्या साहेबानं इथंही तेच केलं. लाज वाटते, बंद करा."

फटीखालचा दगड कोपरं टेकून टेकून गुळगुळीत झालेला. थापी चालेना.

घरी मायले सांगितलं. महारोग झाल्यापासून ती मागच्या खोलीत असते. म्हणाली, "लय बेस केलं रे बाबू. माणसानं बाहेरून काऊन पाहावं?"

मग मी रोजच्यासारखं तिचं ताट खिडकीतून आत सरकवलं. ही खिडकी मीच पाडली, सात वर्षांपूर्वी. दार असताना.

चौकटीवर हात फिरवला. तिच्या कोपरांनी लाकूड गुळगुळीत झालंय.