ऐनावरची पिवळी

१० जानेवारी
काजूवर सावली पडते म्हणून बाबा बागेतलं ऐनाचं झाड तोडायला निघालेत! त्यावर आमरीचं, म्हणजे ऑर्किडचं, केवढं बेट आहे. माझी मैत्रीण गौरजा कॉलेजच्या अभ्यासासाठी पिवळी आमरी शोधत फिरतेय. आचऱ्यापासून इथपर्यंत तिला एकही मिळाली नाही. पांढरी मात्र जिथंतिथं. फूल नसताना दोन्ही सारख्याच – पानं झडलेल्या नुसत्या कांड्या.
बाबा म्हणाले, "पिवळी असात तर ऐन ठेवतंय. पांढरी असात तर माणसां बोलवतंय."
उद्या ती येणार!

११ जानेवारी
आली. फांदी वाकवून बघितली. कळ्या मोहरीएवढ्या. मी तिच्या वेणीकडेच बघत होतो. तिनं विचारलं, तुला काय वाटतं? म्हटलं, तुला वाटेल ते. तिनं फांदी सोडून दिली. मग म्हणाली, कौस्तुभला फोटो दाखवला, तो म्हणतो पिवळी.
कौस्तुभ! तिचा सीनियर. दर दोन वाक्यांनी चष्मा पुसणारा. त्यानं कॉलेज सोडलं तरी तिची पाठ सोडत नाही! डोकंच फिरलं. म्हटलं, तो कधी चढलाय ऐनावर? मी लहानपणापासून चढतोय. पांढरीच आहे.
खरं तर पांढरीला कळ्या इतक्या लवकर येत नाहीत. ती शिगम्याच्या, होळीच्या आसपासची. दिसत होतं मला. तरी बोललो.
"नक्की मा?"
"नक्की. लिही."
तिनं लिहिलं. मी बाबांना सांगितलं, खुशाल तोडा.

१३ जानेवारी
ऐन पडला. बाग एकदम उघडी वाटते.

१९ जानेवारी
पडलेल्या फांदीवर फुलं आलीत! झाड मेलंय याचा त्यांना पत्ताच नाही.
पिवळी. लोण्यासारखी, घशात हिरवट छटा.
मी तिथंच खाली बसलो. बाबा मागून आले, बघत राहिले. शिवी घातली असती तर बरं झालं असतं. "ही तुझी पांढरी?" एवढंच.
तिला फोटो पाठवला. कौस्तुभच्या रागानं बोललो, तेही लिहून टाकलं. तिनं वाचलं.

२० जानेवारी
सकाळी फोन आला तिचा. "कौस्तुभाक फोटो दाखवलंयच नाय मी. अंदाज माझोच होतो. मी काय सांगलंय तरी तू डोळे मिटून होय म्हणतस रे. माका तुझा मत होया होता, म्हणान त्याचा नाव घेतलंय."