गोळ्यांच्या डब्याचं बटण

३ मार्च, सोमवार

आजपासून मी ज्युनियर प्रॉडक्ट मॅनेजर. गळ्यातल्या कार्डावर तसं छापलंय. कंपनीत सीनियर कोणी नाही, याआधी कोणी नव्हतं, फक्त ज्युनियर — मी. हेल्पलाइनच्या खोलीतून उठलो आणि काचेपलीकडच्या खोलीत जाऊन बसलो, एवढाच प्रवास. हेल्पलाइनवरच्या अक्का म्हणाल्या, "खुर्ची फिरते ना? मग झालं. उद्यापासून ओळख दाखवलीस तरी पुष्कळ."

मालकीणबाईंनी काम सांगितलं. डब्यात काय असावं, काय नसावं, हे मी ठरवायचं. "हो म्हणणारे खूप आहेत माझ्याकडे. तू नाही म्हणायला शीक."

नववीत शाळा सोडलेला माणूस, आणि नाही म्हणायची नोकरी!

५ मार्च, बुधवार

आमचा डबा साधा आहे. म्हाताऱ्या माणसाच्या घरी ठेवायचा. गोळीची वेळ झाली की वाजतो. गोळी घेतली की बटण दाबायचं, की दूरच्या मुलाच्या फोनवर हिरवा ठिपका. नाही दाबलं तर लाल, आणि खाली एक ओळ: "औषध चुकले आहे. त्वरित संपर्क साधा." हेल्पलाइनवर असताना त्या ओळीने हादरलेल्या लोकांचे रडके फोन मीच घेतलेत. म्हातारी आंघोळीला गेलेली असायची, बाकी काही नाही.

पहिलं काम म्हणून ती ओळ बदलायला घेतली. अख्खा दिवस गेला. खोडलं, लिहिलं, खोडलं. शेवटी हे ठेवलं: "काळजी करू नका. थोडा उशीर झालाय, इतकंच."

बाईंनी वाचलं. परत वाचलं. "तू लिहिलंस?" म्हणाल्या. चालताना पाय जमिनीला लागत नव्हते.

७ मार्च, शुक्रवार

अण्णांना फोन केला.

"मॅनेजर म्हणजे हाताखाली माणसं किती?"

"एकही नाही."

"मग ओरडतोस कुणावर?"

"कुणावरच नाही. मी डब्याचा मॅनेजर आहे."

"डब्याचा!" इतके हसले की खोकला लागला. मागून आई — "हसवू नकोस रे त्यांना, दम लागतो."

तिकडे देशात, घरी आमचाच डबा आहे, मीच इथून पाठवलाय. हृदयाची झडप बदलल्यापासून अण्णांना रक्त पातळ ठेवायची गोळी आहे. रोज सकाळी, एकही दिवस न चुकता — डॉक्टरने बजावलंय. आयुष्य सुतारकीत गेलेलं. डबा हातात घेऊन पहिलं वाक्य काय, तर "बिजागरी कच्ची आहे." आज म्हणाले, "पण बटण बाहेरून दिलंत ते बरं केलंत."

मग विचारलं, "लाल पडला तर तुला कोणी बोलतं का?"

"बोलतं? नोकरीच जाते माझी," म्हटलं. गंमत केली. ते हसले नाहीत. "बरं, बरं," म्हणाले.

११ मार्च, मंगळवार

डबा बनवणाऱ्या इंजिनियरला आम्ही तार म्हणतो, अंगानेही तो तसाच आहे. त्याला डब्याच्या तळाशी एक चकती बसवायचीय, गोळी उचलली की नाही ते कळणारी.

"आत्ता आपल्याला फक्त बटण दाबलेलं कळतं," तार म्हणाला. "गोळी घेतली का, माहीत नाही. कोणी दाबलं, तेही माहीत नाही."

अक्कांनी पण त्याचीच री ओढली. कुठल्याशा घरात सासू गोळी घेत नाही, कटकट नको म्हणून सून बटण दाबते. कालच फोन आला होता.

चकती बसवायची तर डबा दोन महिने लांबणार. मोठ्या हॉस्पिटलचे लोक बघायला येणार दोन एप्रिलला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाई पण.

मी म्हटलं, "एका घरचं सोडा. घरचं माणूस घरच्याच माणसाला कशाला फसवेल? चकती नको."

पहिलं नाही. आवाज जरा मोठाच निघाला. तारने कागद गोळा केले. "ठीक आहे. मॅनेजर तू आहेस."

१२ मार्च, बुधवार

नाही म्हणणं सोपं आहे. नंतर घास उतरत नाही, इतकंच. अण्णांचा ठिपका हिरवा.

१९ मार्च, बुधवार

खोलीत चौघं राहतो, त्यातले दोघं बोलत नाहीत आणि एक थांबत नाही. म्हणून काम सुटलं की चालत सुटतो. पूल ओलांडतो, गोदामांच्या मागून वळतो, तोच रस्ता परत. आई म्हणायची, पायाला भिंगरी लावून आलंय कार्टं. गोदाम सोडलं, बेकरी सोडली, गाड्या धुणं सोडलं. कुठेच टिकलो नाही. इथे टिकायचंय. कोणी विचारलं, कसा माणूस आहे, तर बाईंनी म्हणावं — टिकाऊ.

तार जेवायला वेगळा बसतो आता.

अण्णांचा ठिपका रोज येतो माझ्या दुपारी, जेवणाच्या वेळेला. तिकडे तेव्हा सकाळ. जेवणाचा डबा उघडायच्या आधी फोन उघडतो. हिरवा दिसला की पहिला घास.

२ एप्रिल, बुधवार

हॉस्पिटलवाले आले. बाईंनी भिंतीवर एका म्हाताऱ्याचे ठिपके लावले. सगळे हिरवे, डबा घरी गेल्यापासून एकही लाल नाही. "हे आमच्या मॅनेजरचे वडील," म्हणाल्या. माना वळल्या. त्यांनी डबे घेतले.

लगेच अण्णांना फोन. "तुमचे ठिपके भिंतीवर होते आज. मोठमोठे लोक बघत होते."

"सगळे हिरवे ना?"

"सगळे."

"मग सुटलो," म्हणाले. आवाज थकलेला वाटला. विचारायला हवं होतं. लोक हाक मारत होते, ठेवला फोन.

५ एप्रिल, शनिवार

घरी फोन केला, आईने उचलला. अण्णा बाहेर गेलेत म्हणाली. कुठे? "येतील की." घाईत होती.

६ एप्रिल, रविवार

आज म्हणे झोपलेत. भर दुपारी कधी झोपत नाहीत. पण ठिपका हिरवा आहे. ठिपका हिरवा म्हणजे माणूस ठीक, हे लोकांना मीच सांगत आलोय.

८ एप्रिल, मंगळवार

धाकट्या बहिणीचा फोन. आधी नुसती रडली.

अण्णा शुक्रवारपासून दवाखान्यात. रक्ताची गाठ मेंदूत गेली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर विचारतात, गोळी कधीपासून बंद आहे?

बंद?

गोळ्या आमच्या डब्यात भरलेल्याच नव्हत्या, तिला खिळ्यांच्या डब्यात सापडल्या. हिरड्यांतून रक्त येतं, डोकं गरगरतं, म्हणायचे; म्हणूनच सोडून दिल्या असणार. कुणाला सांगितलं नाही.

"अगं, मग बटण?"

"दाबायचे ना. वाजायच्या आधीच जाऊन बसायचे तिथे. पोराची नोकरी आहे त्यावर, म्हणायचे."

"आणि शुक्रवारपासून?"

"आई. सकाळी दवाखान्यातून घरी जाते, दाबते, परत येते. तुला सांगायचं नाही म्हणाली, नव्या नोकरीत सुट्टी कशी मागशील. मी म्हटलं, आता कशाला दाबतेस? तर म्हणे, अण्णांनी खूण केली. डावा अंगठा गादीवर दाबून दाखवतात, दादा. सारखा."

आईला फोन दे म्हटलं. दिला. मी काही म्हणायच्या आधी तीच बोलली. "तू नको घाबरू. ते आहेत तोवर मी लाल पडू देणार नाही."

बाईंकडे गेलो. जा म्हणाल्या. तार जिन्यापर्यंत आला, बॅग त्यानेच उचलली. चकतीचं काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

९ एप्रिल, बुधवार

विमानतळावर. विमान सुटायला वेळ आहे. शेजारी कोणीतरी पोराला भरवतंय. तिकडे डबा वाजून गेला असेल. फोन हातात धरून बसलोय.

लाल.

खाली माझी ओळ. काळजी करू नका. थोडा उशीर झालाय, इतकंच.