आठ वर्षांचा आवाज

सोमवार, ४ नोव्हेंबर

चौथ्या भागाचं डबिंग सुरू. पुन्हा तेच! घर फुटतं, आई रुसून जाते, आजोबा अंथरूण धरतात आणि आठ वर्षांचं पोर एक वाक्य बोलून सगळ्यांना एकत्र आणतं. चार भाग झाले, ह्या कुटुंबाला शहाणपण काही येत नाही.

पोर म्हणजे आमचा लाडोबा. खरं नाव काहीही असो, धंद्यात सगळे लाडोबाच म्हणतात. वय आठ. पहिल्या भागाला आठ होतं, आजही आठच. वाढदिवसाला फोटोवाले बोलावतात आणि केकवर आठ मेणबत्त्या लावतात. खरं वय बारा. ह्या भागात नायकाच्या बुटांना आतून टाचा लावल्यात, नाहीतर मुलगा बापाच्या खांद्याला लागतो. बापही दर भागात नवा. खरा बाप जहाजावर नोकरीला. पोराचे पडद्यावरचे चारही बाप त्याने पाहिलेत, पोर मात्र क्वचित.

आणि लाडोबाची आई — आमच्या आईसाहेब! माझ्या मागच्या सोफ्यावर, दुसरा हेडफोन कानाला लावून. तो त्यांच्या अंगाचाच भाग झालाय, कानात डूल असावेत तसा. आज म्हणाल्या, "भाऊ, 'आई'मधला 'ई' जरा ओला हवा होता."

ओला! मी ह्या धंद्यात वायरी गुंडाळत आलो. झाडू मारला, माइक धरला, मग हा स्टुडिओ स्वतःचा केला. पण ओलावा वाढवायचं बटण अजून पाहिलेलं नाही. "करू या की, ताई," म्हणालो. एका बटणावर बोट ठेवलं, काही न करता उचललं, तेच पुन्हा ऐकवलं.

"बघा, आता कसा ओला झाला!"

गिऱ्हाईकाशी वाद घालायचा नाही, हे वायरी गुंडाळतानाच शिकलो.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

शेवटचं वाक्य. "आई, तू घरी ये ना." ह्या एका वाक्यावर म्हणे थिएटरात रुमाल संपतात. लाडोबा काचेपलीकडे माइकसमोर उभा. "ये" म्हणेपर्यंत ठीक — आणि "ना" थेट विहिरीत!

आईसाहेब ताडकन उठल्या. "मैदानावर ओरडलास?"

"नाही गं."

"गार पाणी प्यायलास?"

"तूच देतेस ना पाणी!"

हे खरं. मधाच्या कोमट पाण्याचा थर्मास दिवसभर त्याच्या गळ्यात असतो. गार बंद, ऊन बंद, ओरडणं बंद, मैदान बंद. बरणीत ठेवल्यासारखं ठेवलंय पोराला.

आईसाहेब फोनवर बोलायला बाहेर गेल्या तेव्हा माझ्याजवळ आला. "काका, शाळेच्या संघाला गोलकीपर नाहीये. मला विचारलंय त्यांनी."

"तुला? सिनेमातला आहेस म्हणून?"

"छे! हात लांब आहेत म्हणून." हात पुढे करून दाखवले. खरंच लांब. "पण गोलकीपरला ओरडावं लागतं, काका. मागून सगळं त्यालाच दिसतं ना."

"आईला सांगितलंस?"

"चौथा भाग होऊ दे म्हणाली. तिसऱ्याच्या वेळी म्हणाली होती, तिसरा होऊ दे."

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

आजही आवाज फुटला. निर्मातेशेठना फोन गेला.

सोमवार, ११ नोव्हेंबर

निर्मातेशेठ स्वतः आले. येताच, "आवाज फुटतो म्हणजे काय? कुणाला विचारून?"

मी म्हणालो, "शेठ, वय झालं की फुटतो."

"आठव्या वर्षी?"

आता ह्यांना काय सांगायचं! मेणबत्त्या ह्यांनीच आणलेल्या. स्वतःच्याच जाहिरातीवर विश्वास ठेवणारा माणूस मी ह्यांच्याआधी पाहिला नव्हता.

"डॉक्टरांना दाखवायचं का?" आईसाहेबांनी विचारलं.

"डॉक्टरला घसा कळतो हो. तिकीटबारीवर घसा चालत नाही, आवाज चालतो. ह्याला विचारा." बोट माझ्याकडे. "ह्याचा कान सोनं आहे. गुरुवारी मी येतो, तू ऐकून सांग. तात्पुरतं असेल तर पुढचे तीन भाग ह्या पोराचे आणि तुझ्या स्टुडिओचे. गेला असेल तर गेला."

"टिकेल हो, शेठ!" आईसाहेब म्हणाल्या. "टिकवू आपण!" चपलेच्या तळव्याबद्दल बोलावं तसं.

तीन भाग! शेजारचा गाळा कधीचा रिकामा आहे. मधली भिंत पाडली की मोठी खोली होते, वाद्यं बसतील अशी. रात्री हिला नकाशा काढून दाखवला. ही म्हणाली, "भिंत पाडा, पण आधी घरातला नळ बघा."

मंगळवार, १२ नोव्हेंबर

काय ऐकलं आज!

जेवणाची सुट्टी. बाकीचे बाहेर. मी कन्सोलवर कालच्या रेकॉर्डिंगची सफाई करत बसलो होतो. आईसाहेब सोफ्यावर मान टाकून, डोळे मिटून, तोंड थोडं उघडं. लाडोबा काचेच्या खोलीत एकटाच, माझ्याकडे पाठ.

त्या खोलीतला लाल दिवा विझला की माइक बंद, असं सगळ्या नटांना वाटतं. दिवा वेगळा, माइक वेगळा. माझा माइक दिवसभर जागा असतो. ह्या एका गैरसमजामुळे मला अर्ध्या चित्रसृष्टीची भांडणं, लफडी आणि ॲसिडिटी ठाऊक आहे. कुणाकडे बोललो नाही, म्हणून तर धंदा टिकला.

हेडफोनमध्ये लाडोबाचं खाकरणं आलं. मग, "आई, तू घरी ये ना." फुटला. बिचारा, म्हटलं, सराव करतोय.

आणि लगेच, घंटेसारख्या स्वच्छ आवाजात, "नाही. फार झालं. पुन्हा."

माझं बिस्कीट चहात पडलं.

"आई, तू घरी ये ना." फुटला. "च्! लवकर फुटला. 'ये'वर नको, 'ना'वर."

तिसऱ्यांदा. "ये" सरळ आला, जरासा घाबरलेला. "ना" वर चढता चढता तुटला आणि खाली पडला, आणि पडल्याची स्वतःलाच लाज वाटावी असा मधेच थांबला. हातावर काटा आला माझ्या! मग एक हसू — कोवळं, कुठेही न फुटलेलं. "ओके. शेठसमोर हाच."

लबाड! चार भागांत ह्या पोराने असं काम केलं नव्हतं. आणि ते करायचं तर काम सुटावं म्हणून!

मागे वळून पाहिलं. आईसाहेबांची मान तशीच कलंडलेली. सुटलो, म्हटलं. कोण सुटलं, ते आत्ता लिहिताना कळत नाहीये.

बुधवार, १३ नोव्हेंबर

"जेवताना कान कुठे ठेवून आलात?" ही म्हणाली. 

खरं सांगावं, तर पोर आणखी तीन भाग आठ वर्षांचं राहील. मिशी येईल, ती पुसतील. खोटं सांगावं, तर मोठी खोली गेली. वर माझा कान! आयुष्यात एकाच गोष्टीला कधी बट्टा लागू दिला नाही.

आणि मी कोण ठरवणारा? आई आहे ना त्याची. पण ती तर "टिकवू" म्हणते.

गोलकीपरला मागून सगळं दिसतं, म्हणाला होता. मलाही मागूनच ऐकू येतं सगळं. ओरडायचं कधी, ते कुणी शिकवलं नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

शेठ मधल्या खुर्चीत. आईसाहेब सोफ्यावर. लाल दिवा लागला.

लाडोबाने मंगळवारचा तिसरा टेक एकदाच दिला. जसाच्या तसा. "ना" पडला. मग मान वर करून काचेतून माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मात्र अभिनय नव्हतं.

मी हेडफोन काढला, पुसला, पुन्हा घातला. मोठ्या निदानाला थोडा वेळ घ्यावा, नाहीतर ते फुकटचं वाटतं.

"गेला, शेठ."

"कुठे गेला?"

"फुटला. आता हा खालीच उतरत जाणार. परत वर येत नाही."

शेठनी आईसाहेबांकडे पाहिलं. मीही अंग चोरून बसलो — आता ही बाई कडाडणार, दुसऱ्या स्टुडिओत नेते म्हणणार! पण त्या कोरड्या डोळ्यांना रुमाल लावून एवढंच म्हणाल्या, "भाऊंच्या कानापुढे काय बोलणार?" धक्का बसला असावा बिचारीला. चार भागांत पहिल्यांदा त्यांच्याकडे एकही सूचना नव्हती.

शेठनी चहाच्या एका कपापुरतं दुःख केलं. कप खाली ठेवला आणि म्हणाले, "पाचव्यात कुत्रा घेऊ. आजोबांच्या उशाशी बसेल. कुत्र्याचा आवाज फुटत नाही, आणि त्याची आई सेटवर येत नाही."

"डबिंग?" मी विचारलं.

"कुत्र्याला कसलं डबिंग? जागेवरच भुंकेल."

चौथ्या भागाला पहिल्या भागातलंच "आई, तू घरी ये ना" जोडायचं ठरलं. घर तेच, रुसवा तोच. कुणाला कळतंय?

जाताना लाडोबा पाया पडायला वाकला. वाकल्यावाकल्या खालून हळूच, "थँक्यू, काका." कोवळ्या, स्वच्छ आवाजात. मी मोठ्याने खोकलो.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

शेजारचा गाळा एका शिंप्याने घेतला. दिवसभर शिलाईयंत्रं. भिंतीतून फक्त मलाच ऐकू येतात. नळ दुरुस्त केला.

मंगळवार, ३ डिसेंबर

दुपारी आईसाहेब आल्या होत्या. लाडोबाचा थर्मास इथे राहिला होता, तो न्यायला. "रोज गुडघे फोडून येतो हो! ओरडून ओरडून घसा बसलाय." तक्रारच होती, पण चेहरा बक्षीस घेऊन आल्यासारखा.

थर्मास पिशवीत टाकला. दारापर्यंत गेल्या, आणि वळल्या.

"भाऊ, पण तिसरा टेकच सगळ्यांत चांगला होता, नाही?"

गेल्या. मी सोफ्याकडे बघत बसलो. त्या दुपारी त्यांचे डोळे मिटलेले होते. हेडफोन कानावरच होता.